मुठीतली वाटणी

आईच्या उजव्या मनगटाचं प्लास्टर निघालं तेव्हा तिची मूठ वळत नव्हती. बोटं अर्ध्यावर येऊन थांबायची. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पंधरवडाभर मऊ चेंडू दाबायला दिला आणि मग म्हणाल्या, ‘‘आता ते बोटांचं स्प्रिंगवालं मिळतं ना, ते आणा. पण अगदी हलकं आणा. सगळा मिळून दोन-सव्वादोन किलोच्या वर जोर लागायला नको.’’ दुकानात चार बटणांचं उपकरण मिळालं. तळहाताशी धरायचा प्लास्टिकचा ठोकळा, वर प्रत्येक बोटाचं वेगळं बटण, प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग. डब्यावर छापलं होतं, ५ पाउंड. म्हणजे सव्वादोन किलो. हिशेब जुळला म्हणून घेऊन आलो.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, ‘‘अरे, करंगळीचं बटण खाली जातच नाही. आणि रात्रभर मनगट ठणकतंय.’’

मी ते उपकरण स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर उभं ठेवलं, काटा शून्यावर आणला आणि अंगठ्यानं एकच बटण दाबत गेलो. आठशे ग्रॅमपर्यंत बटण हललंच नाही, कारण स्प्रिंग आत आधीच थोडी दाबून बसवलेली असते. मग ते हळूहळू उतरलं, आणि तळाला टेकलं तेव्हा काट्यावर दोन किलो दोनशे ग्रॅमच्या आसपास आकडा होता. दोन बटणं एकदम दाबली, साडेचार किलो झाले. तिसरं दाबल्यावर पाच किलोचा तो काटा बंदच पडला. मग माणसांचा वजनकाटा काढला. चारही बटणं तळापर्यंत नेली की नऊ किलो.

५ पाउंड हा एका बोटाचा आकडा होता. फिजिओबाईंनी सांगितलेल्या जोराच्या जवळजवळ चौपट जोर आई तीन दिवस लावत होती, तोही नुकत्याच सांधलेल्या हाडावर. डब्यावर खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं. तो आकडा कुणाच्या वाट्याचा, एवढंच लिहायचं राहिलं होतं. दुकानदाराला विचारलं तर त्यालाही माहीत नव्हतं.

हाताच्या ताकदीचा एकच आकडा सांगायचा आणि तो कसा वाटला गेला ते झाकून ठेवायचं, ही चूक त्या दुकानातली नाही. ती सव्वादोनशे वर्षांची आहे, आणि तिची किंमत नेहमी ज्याच्या हातात उपकरण आहे त्यानं मोजली आहे.

स्प्रिंगचं गणित तर त्याहून जुनं. लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोग करणाऱ्या रॉबर्ट हूकनं १६७६ मध्ये एका लॅटिन वाक्याची अक्षरं वर्णक्रमानं लावून छापून टाकली. शोध आपला आहे याची नोंद व्हावी, पण तो दुसऱ्या कुणाला उमगू नये, अशी ती युक्ती. त्या काळात घड्याळाच्या कमानीवरून युरोपातल्या विद्वानांत भांडणं जुंपलेली होती, म्हणून ही सावधगिरी. १६७८ मध्ये त्यानं कोडं उलगडलं. त्याचा मराठीतला मथितार्थ असा, की जेवढा ताण तेवढं बळ. तारेचं वेटोळं टांगायचं, खाली पारडं बांधायचं, त्यात एकेक वजन टाकायचं आणि दर वेळी वेटोळं किती लांबलं ते मोजायचं. वजन दुप्पट तर लांबणं दुप्पट. शाळेत आपण हाच हूकचा नियम शिकलो.

नियम एका स्प्रिंगचा. खरी गंमत दोन स्प्रिंगा एकत्र आल्या की सुरू होते, आणि तिथंच शाळेतलं शिकणं बहुतेकांचं सुटतं.

पालखीला खांदा देणारे सगळे एका उंचीचे असले की भार सारखा वाटला जातो. त्यांत एक जण उंच निघाला तर दांडा त्याच्याच खांद्यावर रुततो. एका दांडीखाली शेजारी शेजारी बसवलेल्या स्प्रिंगांचं असंच असतं. दांडी सरळ खाली गेली तर सगळ्यांना सारखंच दाबते, आणि मग जी ताठ ती जास्त भार घेते. एकीपेक्षा दुसरी तिप्पट ताठ असेल, तर चार किलोंतला एक किलो पहिलीवर आणि तीन दुसरीवर. छाती रुंदावण्यासाठी ओढायच्या त्या जुन्या साधनात दोन मुठींच्या मध्ये पाच स्प्रिंगा अडकवलेल्या असत. नवख्यानं दोनच लावायच्या, अंगात जोर आला की तिसरी. एकेक खांदेकरी वाढवत नेण्याचा तो प्रकार.

त्याच स्प्रिंगा टोकाला टोक जोडून साखळी केली तर मात्र विहिरीच्या दोराची गोष्ट होते. दोराच्या प्रत्येक वितीवर भरल्या घागरीचा पूर्ण भार असतो. इथं भाराची वाटणी होतच नाही, वाटलं जातं ते लांबणं. म्हणून सारख्या दोन स्प्रिंगांची साखळी एकटीच्या निम्मी ताठ, आणि त्याच दोघी शेजारी बसवल्या तर दुप्पट ताठ. तार तीच, वेढे तेच. नुसती मांडणी बदलली आणि फरक चौपटीचा झाला. आईच्या मनगटानं सोसला तो चौपटीचा फरक वेगळ्या कारणानं आला होता, पण मूळ प्रश्न एकच: कोण कुणाच्या शेजारी उभं आहे?

आणि डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. वेटोळ्याच्या स्प्रिंगची ताठरता तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढते. दोन मिलिमीटरच्या जागी २.२ मिलिमीटरची तार वापरली, म्हणजे जाडी दहा टक्के वाढवली, तर ताठरता शेकडा ४६ नं वाढते. लांब स्प्रिंग कापून आखूड केली की ती मऊ होईल असं पुष्कळांना वाटतं. होतं उलट. दहा वेढ्यांतले पाच उरले तर ती दुप्पट ताठ. हातात घेऊन सारख्या दिसणाऱ्या दोन उपकरणांत केवढी तफावत असू शकते, ते यावरून लक्षात येईल. ओळखीसाठी कंपन्या रंग देतात, पण एकीचा लाल हा दुसरीचा लाल असेलच असं नाही.

हाताच्या जोराला आकडा चिकटवण्याचं काम पॅरिसच्या एद्म रेन्येनं केलं. निसर्गाभ्यासक ब्यूफाँच्या सांगण्यावरून त्यानं बनवलेल्या बलमापकाचं वर्णन १७९८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधीची यंत्रं मोठ्या लाकडी चौकटींची, जागची न हलणारी. रेन्येचं यंत्र म्हणजे पोलादी पट्टीचा लांबट, बंद लंबगोल. दोन्ही लांब बाजू मुठीत धरून आवळायच्या, की आतला काटा तबकडीवर सरकायचा. समोरासमोर ठेवलेल्या दोन कमानीच त्या. बळ दोघींवर सारखंच पूर्ण येतं आणि दबणं दोघी वाटून घेतात. विहिरीच्या दोराचाच हा भाऊ. सुंदर, आटोपशीर, प्रवासात नेता येईल असं यंत्र.

ते प्रवासाला गेलंही. ऑक्टोबर १८०० मध्ये निकोला बोदँच्या नेतृत्वाखाली दोन फ्रेंच जहाजं दक्षिणेकडे निघाली. त्यांवरच्या फ्रान्स्वा पेराँ या तरुण अभ्यासकाच्या सामानात रेन्येचा बलमापक होता. टास्मानियातल्या, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या आणि तिमोर बेटावरच्या लोकांच्या मुठी त्यानं मोजल्या, मग फ्रेंच खलाशांच्या आणि इंग्रजांच्या मोजल्या, आणि निष्कर्ष काढला की रानात राहणारा माणूस युरोपीय माणसापेक्षा कमजोर असतो. निसर्गाच्या जवळचा माणूस अधिक धट्टाकट्टा, असं मानणाऱ्या, तत्त्वज्ञ रूसोच्या अनुयायांना त्याला उत्तर द्यायचं होतं. उत्तर त्याला आधीच हवं होतं, आकडा नंतर मिळाला.

मला या प्रसंगाचा राग येतो, आणि तो लपवावासा वाटत नाही. समोर समुद्रातून आलेले परके. भाषा कळत नाही. हातात दिलेली लोखंडी वस्तू आयुष्यात पाहिलेली नाही, ती आवळून काय साधायचं ते ठाऊक नाही. मूठ किती रुंद, बोट पट्टीवर कुठं टेकलं, माणसानं मन लावून आवळलं की नुसतं धरून सोडून दिलं, यातलं काहीही काट्यावर उमटत नाही. स्प्रिंगनं आपलं काम चोख केलं. जेवढं बळ आलं तेवढं दाखवलं. ते बळ कशाकशातून गोळा झालं, हे विचारणं माणसाचं काम होतं. पेराँनं ते विचारलं नाही, आणि एका अख्ख्या समाजाला दुबळं ठरवणारा निकाल युरोपात छापून आला.

पुढं १८८४ मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गाल्टननं तीन पेन्समध्ये माणसाची मोजमापं घेण्याची प्रयोगशाळा थाटली. उंची, वजन, नजर, श्वास यांच्यासोबत मुठीचा जोरही मोजला जाई. ९,३३७ लोकांची मोजणी झाली. तिथपासून मुठीचा आकडा तक्त्यात जाऊन बसला.

मोजायच्या स्प्रिंगवरून कमवायच्या स्प्रिंगवर आलं की एकच नाव समोर येतं. युजेन सँडो. मराठी घरात हे नाव रोज वाळत घातलं जातं, कारण बिनबाह्यांच्या बनियनला आपण सँडो म्हणतो. १८६७ मध्ये प्रशियातल्या क्योनिग्सबर्गला जन्मलेल्या या माणसानं पीळदार शरीराला जगभर बाजारपेठ मिळवून दिली. विसावं शतक उजाडण्याच्या सुमारास त्याचा स्प्रिंगचा डंबेल आला. डंबेल उभा चिरलेला, दोन अर्धुकांच्या मध्ये स्प्रिंगा. हात वर-खाली करताना मूठ सतत आवळून ती दोन्ही अर्धुकं मिटलेली ठेवायची. जोर वाढवायचा तर स्प्रिंगा वाढवायच्या. सँडोचं म्हणणं असं, की साधा डंबेल माणूस बेध्यान फिरवतो, स्प्रिंगचा डंबेल त्याला भान सोडू देत नाही. ही कल्पना खरोखर हुशारीची होती आणि आजही तिला तोड नाही. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानात दौऱ्यावर आला, तोवर त्याचं नाव इथल्या तरुणांना पाठ झालेलं होतं.

त्या आधीच औंधच्या राजवाड्यात त्याची साधनं पोहोचली होती. तिथल्या राजघराण्यातल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १८९७ मध्ये सँडोची सगळी उपकरणं आणि पुस्तकं विकत घेतली आणि पुरी दहा वर्षं त्याच्या सूचनांप्रमाणे नेमानं व्यायाम केला, असं त्यांनी स्वतःच पुढं सांगितलं आहे. नंतर त्यांनी ते सगळं बाजूला ठेवलं आणि सूर्यनमस्कार धरला. संस्थानातल्या शाळांत तो सक्तीचा केला आणि त्यावर पुस्तक लिहून जगभर पोहोचवला. विकत घ्यावं लागत नाही, जागा लागत नाही, बायका-मुलं-म्हातारे कुणीही करू शकतात, हे त्यामागचं बळ होतं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जमिनीवर टेकलेल्या तळहातावर येणारा भार स्वतःच्या शरीराचाच असतो, आणि तो कसा वाटला जातोय ते हाताला तत्क्षणी कळतं.

आपल्या तालमींनाही मूठ घडवायची होतीच. पेशवाईच्या अखेरीस बाळंभट दादा देवधरांनी नावारूपाला आणलेला मल्लखांब, वेताचा आणि दोरीचा मल्लखांब, करेला, जोडी, ही सगळी पकडीचीच साधनं. वस्ताद पोराचा पंजा आपल्या हातात घेऊन सांगायचे, ‘‘दोन बोटं नुसती चिकटून बसलीत, कामाला लाव.’’ त्यांच्याकडे आकडा नव्हता, पण वाटणी त्यांना हाताला समजत होती.

ही दोन बोटं चिकटून बसण्याची गोष्ट फार महत्त्वाची आहे. शेजारी बसवलेल्या चार स्प्रिंगांची बेरीज अचूक येते. सव्वादोन, सव्वादोन, सव्वादोन, सव्वादोन, झाले नऊ. बोटांची बेरीज अशी येत नाही. प्रयोगशाळेत प्रत्येक बोटाचा एकट्याचा सर्वांत जास्त जोर मोजून चारही आकडे मिळवले, तर ती बेरीज चारही बोटांनी एकदम लावलेल्या जोरापेक्षा जास्त भरते. एकत्र आली की बोटं थोडं थोडं कमी देतात. बोटं वळवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, कोपराखालच्या भागात असतात, आणि तिथून लांब दोऱ्यांसारख्या कंडरा बोटांपर्यंत येतात. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांचे स्नायू तर एकमेकांत बरेच गुंतलेले. हात उघडा ठेवून फक्त अनामिका तळव्याकडे वळवून पाहा, शेजारणी मागोमाग येतात. सगळ्या मुठीत सर्वांत मोठा वाटा मधल्या बोटाचा, सर्वांत लहान करंगळीचा. तरी कोयत्याची मूठ किंवा बादलीची कडी घट्ट धरून ठेवायची तर करंगळी आणि अनामिकेशिवाय भागत नाही.

आता उपकरणाकडे परत या. सगळ्या स्प्रिंगांवर एकच दांडी असेल, तर मधलं बोट आणि तर्जनी मिळून दांडी खाली नेतात आणि करंगळी नुसती बरोबर जाते. दहा वेळा मूठ मिटली, आकडा पुरा झाला, पण ज्या बोटासाठी व्यायाम सांगितला त्याला काहीच मिळालं नाही. वेगळी बटणं असतील तर प्रत्येक बोटाला आपापली स्प्रिंग एकटीनं दाबावी लागते, तिथं उसनं घेता येत नाही. म्हणून दुखऱ्या हातासाठी वेगळी बटणं बरी. पण मग सगळ्या बटणांना एकच ताठरता का? मधल्या बोटाला जे हलकं, ते करंगळीला डोईजड. आईची करंगळी अडली ती याच कारणानं.

इंग्रजी व्ही आकाराच्या ग्रिपरची कथा आणखी निराळी. त्यात बिजागरीपाशी पीळ दिलेली एकच स्प्रिंग असते, तेव्हा वाटणीचा प्रश्न नाही असं वाटेल. पण तो ग्रिपर कुठं धरला यावर सगळं अवलंबून. बिजागरीपासून ८ सेंटिमीटरवर २० किलो लागत असतील, तर टोकाकडे १० सेंटिमीटरवर धरल्यावर १६ किलोच लागतील. छापलेला आकडा यांपैकी कुठला?

हे सगळं आज तातडीचं आहे, कारण मुठीचा आकडा आता दवाखान्यात पोहोचला आहे. १९५४ पासून वापरात असलेला जामार हा द्रवदाबाचा बलमापक डॉक्टरांचं प्रमाण ठरला. त्याची मूठ जवळजवळ हलत नाही, नुसता जोर लावायचा असतो. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या अभ्यासात, त्यात भारतही होता, मुठीची पकड दर पाच किलोंनी कमी भरली की मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला. वयोमानानं स्नायू झिजण्याच्या निदानासाठी आशियाई तज्ज्ञगटानं २०१९ मध्ये पुरुषांसाठी २८ किलो आणि स्त्रियांसाठी १८ किलो ही किमान पकड ठरवली. हे वाचून कुणी आजोबा दुकानातून ‘३० किलो’ लिहिलेला ग्रिपर आणून मिटवतील आणि निर्धास्त होतील. किंवा मिटला नाही म्हणून घाबरतील. दोन्ही चूक. ग्रिपरवरचा आकडा आणि दवाखान्यातला आकडा या एका जातीच्या गोष्टीच नाहीत.

व्यायामाची उपकरणं बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना माझी विनंती आहे. डब्यावर तीन गोष्टी मराठीत, मोठ्या अक्षरांत छापा. हा जोर एका बोटाचा की चारही बोटांचा मिळून. तो बटण हलायला लागतानाचा की तळाला टेकतानाचा. आणि व्ही आकाराचा असेल तर मूठ कुठं ठेवल्यावरचा. यानं खर्च वाढणार नाही. औषधाच्या पाकिटावर किती मिलिग्रॅम ते छापणं आपण सक्तीचं मानतो, आणि मोडलेल्या हाडावर येणाऱ्या भाराबद्दल मात्र अंदाजावर चालतो, हे योग्य नाही. फिजिओथेरपिस्टांनीही ‘हलकं आणा’ एवढ्यावर न थांबता किलोचा आकडा बोटागणिक कागदावर लिहून द्यावा.

आईसाठी आम्ही पाऊण पाउंडाचं उपकरण मागवलं. चारही बटणं मिळून तीन पाउंड, म्हणजे दीड किलोच्या आत. दोन महिन्यांनी ती कणिक मळायला लागली.

डब्यावर हे सगळं छापून येईपर्यंत घरच्या घरी एक करा. नवं उपकरण आणलं की स्वयंपाकघरातल्या काट्यावर उभं ठेवा, काटा शून्यावर आणा, एकेक बटण तळापर्यंत दाबा, आणि आलेला आकडा पेनानं त्या बटणाशेजारी लिहून ठेवा. मगच ते आईच्या हातात द्या.